काचेवरचे तळवे

गिऱ्हाईक आल्या आल्या काय विचारतं? "बाई, हे लावलं की वायपर लागणारच नाही ना?" लागतो! वायपर लागतो, डोळे लागतात, आणि डोक्यात थोडं काही असेल तर तेही लागतं. मी काचेवर कोटिंग करते, जादूटोणा करत नाही. कोटिंग केलेल्या काचेला पाणी धरवत नाही, एवढीच काय ती गंमत. पाण्याचा थेंब होतो, गाडीने वेग घेतला की तो थेंब काचेवरून वर सरकतो आणि टपावरून पळून जातो. रंगावर लावलं तरी तेच.

पण आधी काच खरोखर कोरी व्हावी लागते, आणि तिथेच सगळे माती खातात. खाली जे राहील ते राहतं. कुणाच्या बोटाचं तेलकट राहिलं तर तेवढ्या जागी कोटिंग धरत नाही, आणि पाऊस आला की तिथे पाणी चिकटून बसतं. म्हणून माझ्या वर्कशॉपात एक नियम आहे. स्पिरिटचा शेवटचा हात फिरला की काचेला उघडा हात लावायचा नाही. कुणीच नाही, मीसुद्धा नाही. मोजे घालायचे. माझ्या डाव्या मोज्याची करंगळी टोकाला रिकामी लोंबते, कारण वरचं पेर पॉलिशच्या मशीनने फार पूर्वीच नेलंय. पत्र्याच्या पलीकडे गाड्यांचे पोचे ठोकून काढणारे डेंटरमामा म्हणतात, "मालकीणबाईंनी धंद्याला हात दिला, धंद्याने त्यातलं थोडं ठेवून घेतलं." माणूस आगाऊ आहे, पण हाताने सोनं आहे.

तर माझी धाकटी बहीण. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणापासून ती एका जागी बसली तर शपथ. आई गेली तेव्हा ती शाळेत होती आणि मी नुकती कामाला लागले होते. आई भाड्याच्या गाडीतून येत होती, पाऊस होता, ड्रायव्हरला समोरचं दिसलं नाही. लोक म्हणतात, म्हणूनच हिने हा धंदा धरला. काही नाही तसं! मला पॉलिश येत होतं म्हणून धरला. पण पाऊस लागला आणि भिंगरी बाहेर असली, की माझा जीव टांगणीला लागतो, हे मात्र खरं. ते मी लपवत नाही. लपवता येतही नाही, तोंड आहे मला.

त्या भिंगरीला डोंगरापलीकडच्या गावात नोकरी लागली. दवाखान्याच्या लॅबमध्ये. आणि ही बया मला न विचारता जुनी गाडी घेऊन दारात उभी!

"विचारावंसं नाही वाटलं?" मी म्हटलं.

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

मी मोजे चढवले. म्हटलं, जायचंच असेल तर निदान काच तरी माझ्या हातची घेऊन जा. घाटातला रस्ता, वर पाऊस. ती खूश झाली. कॅरमच्या सोंगट्या मांडाव्यात तसं तिने वर खोलीत सामान मांडायला घेतलं, आणि मी गाडी आत घेतली.

जुन्या काचेवर आधी नुसतं पाणी मारून बघायचं असतं, कुठे काय बसलंय ते कळतं. मी पाणी मारलं. सगळीकडून पाणी गेलं. ड्रायव्हरच्या समोर मात्र एक उजवा तळवा उभा राहिला. पाचही बोटं, अंगठ्याखालचा फुगवटा, सगळं. बाहेरून कुणीतरी काचेवर हात दाबून धरावा तसा.

"सिलिकॉन," डेंटरमामा डोकावून म्हणाले. "कुणीतरी डॅशबोर्डला चोपडायचं ते हाताला लावून काचेवर टेकवलंय. उगाच तोंड पाडू नका."

मलाही तेच वाटलं. चिकटलेली घाण उचलणाऱ्या मातीच्या गोळ्याने काच घासली, मग पावडरीने मशीन फिरवलं, मग स्पिरिट. दोन हात कोटिंग चढवलं, दिव्याखाली सुकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी मारलं. थेंब मोत्यासारखे पळाले. माझी मीच खूश. आणि मग, पाणी निथळून झाल्यावर, उजव्या तळव्याच्या शेजारी डावा उमटला.

मी तशीच बादलीवर बसले. ताजं कोटिंग केलेली काच आहे, मीच केलीय, मोजे घालून. तिच्यावर एकाचे दोन कसे होतात?

ज्याच्याकडून गाडी घेतली त्या दलालाला फोन लावला आणि त्याला सरळ फैलावर घेतलं. "कुणाला उडवलंय का या गाडीने?"

"बाई, शपथेवर सांगतो, ओरखडा नाही. एका बाईंची गाडी. विकली का, तर म्हणाल्या, पावसात समोर बघवत नाही."

"दिसत नाही म्हणाल्या की बघवत नाही?"

"बघवत नाही, असंच म्हणाल्या. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

डेंटरमामांनी बॉनेटवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, कडेच्या पट्ट्या उचकून पाहिल्या. कारखान्यातून आलेला पत्रा, कारखान्यातला रंग. या गाडीने कधी कुणाला धक्कासुद्धा दिला नव्हता. "पत्रा खोटं बोलत नाही," ते म्हणाले. त्यांचं ऐकून मला धीर यायला हवा होता. तो आला नाही. कुणाला लागलंच नव्हतं, तर हे हात कुणाचे?

मग मी काचच बदलली. हो, अख्खी काच! वेडी म्हणा. नवी काच खोक्यातून निघाली, कागद माझ्यासमोर फाडला, काचवाल्याने बसवली, गोंद सुकला. नियमाप्रमाणे सगळं केलं. भिंगरी वरून आली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली. डेंटरमामा हातोडी तशीच हातात घेऊन आले. मी पाणी मारलं.

दोन्ही तळवे आले. आणि या वेळी दोघांच्या मधोमध, जरा वर, एक गोल डाग. मला आधी कळेना कसला ते. डेंटरमामांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला, तेव्हा कळलं. कुणीतरी दोन्ही हात काचेवर दाबून त्यांच्यामध्ये कपाळ टेकवलं होतं. हातोडी ठेवायचीही त्यांना आठवण राहिली नाही.

पाणी तिथे नुसतं बसलं नव्हतं. ते सुकतही नव्हतं. आजूबाजूची काच कोरडी ठणठणीत झाली तरी ते तळवे ओले होते. मी फडक्याने पुसले. फडकं ओलं झालं. तळवे तसेच.

"आत्ताच्या आत्ता ही गाडी परत कर," मी भिंगरीला म्हटलं.

ती जवळ आली आणि काचेकडे निरखून पाहू लागली. घाबरली नव्हती, हे मला जास्त लागलं. "बाईचे हात आहेत," ती म्हणाली. "साधारण तुझ्याएवढे. हात लावून बघ ना, ताई."

"मी मरेन पण लावणार नाही!"

"बरं बाई, नको लावूस."

"आईचे असतील," माझ्या तोंडून निघून गेलं. निघालं ते निघालं. मग मी तेच धरून बसले. "आई आडवी येतेय. नको जाऊ म्हणतेय. पावसात गाडीतून जाऊ नको म्हणतेय. तुला कळत कसं नाही?"

भिंगरी माझ्याकडे वळली. "आई कधीच नको म्हणायची नाही, ताई. मी झाडावर चढले तरी खालून हसायची. नको तू म्हणतेस."

असं म्हणून ती वर गेली. मी खाली काच पुसत राहिले. राग कुणाचा आला होता, देव जाणे. पण हात थांबेना.

तिच्या निघायच्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस. मी एक काम करून ठेवलं होतं. गाडीची किल्ली मेणाच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा फळीवर मागे सारला होता. भिंगरी बॅगा घेऊन खाली आली, सरळ फळीशी गेली, डबा काढला, किल्ली काढली. "लहानपणी माझी सायकलची किल्लीही यातच असायची," ती म्हणाली. हसलीसुद्धा. डेंटरमामांच्या पाया पडायला वाकली, त्यांनी मध्येच धरलं आणि नाक ओढत पत्र्यामागे निघून गेले. मग ती माझ्याकडे आली. मी पाठ फिरवून उभी राहिले. मला बोलायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती, नाहीतर रडू.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी पावसात होते, एवढं आठवतं. गाडी शटरबाहेर निघून रस्त्याकडे वळत होती आणि मी धावत जाऊन तिच्यापुढे उभी राहिले. ब्रेक लागला. बॉनेट माझ्या पोटाला टेकलं. काचेवर तळवे आले होतेच, कपाळही. वायपर त्यांच्यावरून जात होता, येत होता, आणि ते हलत नव्हते. त्या तळव्यांच्या मागे भिंगरीचा चेहरा मला तुकड्यातुकड्याने दिसत होता.

"उतर!" मी ओरडले. "उतर खाली! मी सांगतेय ना! मला अजून एक मढं उचलायचं नाहीये!"

ती उतरली नाही. मी बॉनेटवर ओणवी झाले आणि गाडी मागे ढकलायला दोन्ही हात काचेवर टेकवले. मोजे नव्हते. उघडे हात, मला मेलीला नियमही आठवला नाही. ढकलता ढकलता अंगातलं बळ गेलं, मान खाली आली आणि कपाळ काचेला लागलं. मी रडत होते. मोठ्याने, रस्त्यात, सगळ्या जगासमोर.

काच गार असायला हवी होती. ती कोमट होती. माझे हात टेकले होते तिथेच कोमट होती, आधीपासून कुणी धरून ठेवल्यासारखी. मी डोळे उघडले.

माझा उजवा तळवा त्या उजव्या तळव्यावर होता. बोटावर बोट, रेषेवर रेष, इकडची तिकडे नाही. डावा डाव्यावर. डाव्याची करंगळी मी तोवर कधी नीट पाहिलीच नव्हती, तिकडे नजर गेली की मी मान फिरवायचे. ती अर्धीच उमटली होती. वरचं पेर नव्हतं. माझी करंगळी जिथे संपते, तिथेच ती संपत होती.

त्या काचेला मी त्याआधी कधी उघडा हात लावला नव्हता. जुनी काच, नवी काच, त्या आधीच्या बाईंचा पाऊस, या सगळ्यात मी नव्हते. आणि होतेही. कुणी मेलेलं आडवं आलं नव्हतं. आई नव्हती. मीच होते, इतके दिवस बाहेरून काच धरून उभी, आणि स्वतःलाच पुसत होते.

आतून भिंगरीने काचेजवळ तोंड आणलं. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज अगदी शांत होता. लॅबमध्ये घाबरलेल्या माणसाशी ती असंच बोलत असेल.

"ताई," ती म्हणाली, "हात काढ. मला समोरचं दिसत नाहीये."

समोरचं दिसलं नाही. आईच्या ड्रायव्हरबद्दल पोलिसांनी मला नेमकं हेच सांगितलं होतं.

मी हात काढले. सोपं नव्हतं. तळवे काचेला धरून बसले होते, कातडी सोलून निघावी तसं दुखलं. आधी उजवा, मग डावा, मग कपाळ. मी दोन पावलं बाजूला झाले. पावसाचं पाणी काचेवरून सरसर गेलं, सगळीकडून गेलं. एक डाग राहिला नाही. आत माझी बहीण स्टिअरिंग धरून बसली होती, नखापासून केसापर्यंत स्वच्छ दिसत होती, आणि मला एकदम जाणवलं की ही आता लहान नाही. तिने हात हलवला. मीही हलवला. गाडी रस्त्याला लागली.

मी दिवसभर कामाला हात लावला नाही. डेंटरमामांनी चहा आणून ठेवला, तो गार झाला. बाहेर पाऊस चालूच होता. संध्याकाळच्या सुमाराला फोन वाजला.

"पोचले," भिंगरी म्हणाली. "घाटात नुसता कहर होता."

"आणि काच?"

"कोरी. ताई, तुला खोटं वाटेल, वायपर लावावाच लागला नाही."

"उगाच काहीतरी! वायपर लागतो," मी म्हटलं. ती हसली. म्हणाली, "जेवून घे."

फोन ठेवला. डोळे वाहत होते म्हणून मी तळव्याने पुसायला गेले. पाणी तळव्याला लागलंच नाही. त्याचे थेंब झाले, मनगटावरून घरंगळले आणि फरशीवर पडले. मी नळाखाली हात धरला. ओंजळ केली. ओंजळीत एक थेंब थांबेना. डेंटरमामा म्हणाले, कोटिंग लागलं असेल, चार दिवसांत कातडीबरोबर जाईल.

गेलं नाही. दर पावसात भिंगरीचा फोन येतो, पोचले म्हणून. मी बरं म्हणते, फोन ठेवते आणि डोळे बाहीने पुसते.