थेंबावरची फुली

"अजून मार. भिऊ नको. पाणी कमी पडलं की रेडियम जागच्या जागी धरतं. मग निघता निघत नाय."

प्रेरणाने फवाऱ्याची बाटली दोन्ही हातांत धरून पांढऱ्या फळीवर साबणाचे पाणी मारले. फळी हॉलच्या फरशीवर आडवी होती. शेजारी टेबलाचे चार पाय, एक खण, स्क्रूंची पिशवी आणि हे सगळे ज्यातून सुटे सुटे आले ते पुठ्ठ्याचे खोके. कचरूआबांनी मोरपंखी रंगाचा चिकट कागद वीतभर सोलला आणि नातीकडे पाहिले.

"आता सांग, पट्टी कुठून फिरवायची?"

"कडेपासून?"

"कडेपासून फिरवली तर आतली हवा जाईल कुठं? तिला दार नको?"

प्रेरणाने जरा विचार केला. "मधून. मधून बाहेर."

"शाब्बास. घाई करायची नाय. बुडबुडा दिसला की त्याच्यावर चिडायचं नाय. हाताला धरून दाराकडं न्यायचं."

ती खुदकन हसली आणि रबरी पट्टी धरून गुडघ्यांवर बसली. तिचा हात पहिल्यांदा तिरका गेला, दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदा तो सरळ गेला तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

मुलांना शिकवणे हा त्यांचा जुना छंद होता. मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावर त्यांची टपरी होती. गाड्यांच्या नंबरप्लेटी, ट्रकच्या मागची नावे, दुकानांच्या काचांवरची अक्षरे ते करत. चिकटणाऱ्या कुठल्याही रंगीत कागदाला ते रेडियमच म्हणत. शाळा सुटली की पोरे टपरीसमोर घुटमळायची. मग आबा हातातले काम बाजूला ठेवून एखाद्याला 'क्ष' कसा वळतो ते दाखवायचे, आणि त्याला तो वळेपर्यंत गिऱ्हाईक उभे राहायचे.

आजचे काम मात्र त्यांच्या दृष्टीने वेगळे होते. गुरुवारी रूपाचा, त्यांच्या लेकीचा फोन आला होता. "आबा, प्रेरणाला टेबल मागवलंय. पांढरं आलंय, तिला रंगीत पाहिजे. जमंल का तुम्हाला?" रूपाच्या लग्नाला चौदा वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत ती माहेरी येई, आईशी बोले, भाजी निवडू लागे, निघून जाई. बापाला तिने कधी काही मागितले नव्हते.

सकाळी ते निघाले तेव्हा त्यांच्या पत्नी लीलाबाई दारात उभ्या होत्या. "लेकीनं काम सांगितलं तर नवरदेवागत निघाले बघा. दाढी करून कुणी रेडियम चिटकवायला जातं व्हय?"

आबांनी चपला पायात सरकवल्या. लेकीचे एक काम त्यांच्याकडून वीस वर्षांपूर्वी राहून गेले होते. ते आता होण्यासारखे नव्हते. निदान हे तरी नीट व्हावे, एवढेच त्यांच्या मनात होते.

"आजोबा, हे बघा ना." प्रेरणाने खोक्यातून आलेली पुस्तिका पुढे केली. तिच्यात एकही अक्षर नव्हते, नुसती चित्रे होती. स्क्रू कुठे, पाय कुठे, असे बाण काढलेले. ती पाहून आबांना सकाळीच हसू आले होते. जन्मभर अक्षरे काढलेल्या माणसाने बिनअक्षरांचे काय वाचायचे? "इथं पाण्याचा थेंब काढलाय. आणि त्याच्यावर फुली आहे."

"बघू."

"म्हणजे पाणी नाही लावायचं, असं असेल ना?"

"अगं, तीस वर्षं काचंवर पाणी मारतोय मी. काच विरघळली व्हय कधी?"

"पण ही काच नाहीये ना, आजोबा."

"बघू म्हटलं ना. तू पट्टी धर. बुडबुडा पळाला बघ तिकडं."

प्रेरणाने पुस्तिका खाली ठेवली आणि ती बुडबुड्यामागे गेली. तिच्या पट्टीने ढकललेले पाणी फळीच्या मागच्या कडेशी जमत होते. तीन कडांना पांढरी पट्टी होती. मागची कड भिंतीला लागणार म्हणून कारखान्याने ती उघडीच सोडली होती, तिथे आतला तपकिरी भुसा दिसत होता. पाणी त्या कडेपाशी जाई आणि दिसेनासे होई. लेकीची फरशी ओली झाली नाही, याचे आबांना उलट बरेच वाटले.

रूपा तीन वाजता आली. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात ती केसपेपर काढायच्या काउंटरवर बसे. आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून टेबलापाशी उभी राहिली. पाय बसवून झाले होते, खण सरकत होता, मोरपंखी रंग खिडकीच्या उजेडात चमकत होता. तिने तळहात फळीवरून फिरवला.

"एक बुडबुडा नाय, आबा."

कचरूआबांनी चहाचा कप तोंडाशी नेला.

रूपाने अंगठ्याच्या नखाने कोपरा चाचपला. "कोपरा तुम्ही दुमडला ना?"

"नाय. हिनं."

"मी दुमडला, मम्मी! आजोबा म्हणाले, साडीच्या निरीसारखा दुमड."

रूपाने लेकीकडे पाहिले, मग बापाकडे. "शिकवलं व्हय हिला सगळं?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिने सहज विचारले आणि ती कपडे बदलायला आत गेली. तो चहा मात्र आबांना नंतर संपवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी फोन वाजला. पलीकडे प्रेरणा होती, आणि ती कुजबुजत होती.

"आजोबा, टेबल फुगलंय."

रूपाच्या घरी, हर्सूलला पोचेपर्यंत दोन रिक्षा बदलाव्या लागत. पहिल्या रिक्षात चौघांमध्ये दाटीने बसून कचरूआबा त्या फुलीचा विचार करत राहिले. दुसऱ्या रिक्षात त्यांना रूपा आठवली. सातवीतली, तेलाच्या दोन वेण्यांची, टपरीत उलट्या डब्यावर बसलेली.

त्या एप्रिलमध्ये जयंतीचा मोठा बोर्ड त्यांच्याकडे आला होता. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे आणि मध्ये अशोकचक्र. दिवस थोडे होते. अक्षरे आबांनी काढली, चक्र रूपाने. बारा वर्षांच्या पोरीने चोवीस आरे दोरी न लावता काढले आणि एकही बाजूला झुकला नाही. बोर्ड चौकात चढला तेव्हा मंडळाची माणसे त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "कचरूभाऊ, चक्र काढावं तर तुम्हीच. काय हात आहे!" रूपा शेजारी उभी होती. तिने वर बापाच्या तोंडाकडे पाहिले. आबा हसले, आणि तेवढेच. लहान पोरीने काढले म्हटले तर लोक नावे ठेवतील, असे त्यांनी तेव्हा स्वतःला सांगितले. खरे म्हणजे ती थाप त्यांना सोडवली नव्हती.

दहावीनंतर तिने चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म आणला. दोन्ही ग्रेड परीक्षांत तिला 'ए' होता. वडलांची सही तेवढी हवी होती. ते वर्ष शहरात फ्लेक्सची मशिने येण्याचे. जो बोर्ड रंगवायला आबांना चार दिवस लागत, तो आता तासाभरात छापून मिळत होता. हाताचे काम संपले, पोरीने त्यात पडू नये, असे त्यांना मनापासून वाटत होते. पण तेही ते तिला म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर ती भांडली असती, रडली असती, कदाचित जिंकलीही असती. ते म्हणाले, "बघू." आठवडाभर रोज संध्याकाळी ती फॉर्म घेऊन टपरीत येई आणि रोज ते म्हणत, "बघू." शनिवारी तारीख संपली. सोमवारपासून ती टपरीत यायची बंद झाली.

रूपाने दार उघडले. ती तशीच आत गेली आणि टेबलाशी खाली बसली. टेबल एका बाजूला कलले होते. मागची कड चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली होती, स्क्रूंची भोके सैल झाली होती. रूपा मोरपंखी कागद सोलून काढत होती. प्रेरणा दिवाणावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. आपण कुठे चुकलो, हे शोधणारा तिचा चेहरा आबांना बघवेना.

"तुझं काय चुकलं नाय, पोरी," ते आधी तिला म्हणाले. मग रूपाकडे वळले. "लाकूड नव्हतं ते."

"भुसा दाबून केलेलं असतं, आबा. पाणी पितं."

"हिनं मला दाखवलं होतं. त्या पुस्तकात, थेंबावर फुली."

"मग?"

"मी म्हटलं, बघू."

रूपाचा हात थांबला. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होते, ती तीनदा फुकट गेली. मग रूपा पुन्हा कागद सोलू लागली.

"व्हय," ती म्हणाली. "म्हणला असाल."

आबा म्हणाले, "दुसरं मागवून देतो."

"नको. हे होईल. पॉलिश पेपर आहे का पिशवीत?"

होता. पिशवीतून तिला हवे ते एकेक काढून देण्यापलीकडे आबांना त्या दिवशी काम उरले नाही. तिने फळी सुटी करून पंख्याखाली उभी केली. आठवडाभर वाळू दिली. मग रोज दवाखान्यातून आल्यावर ती फुगलेली कड घासत राहिली. सैल भोकांत तिने फेविकॉल लावून माचिसच्या काड्या ठोकल्या, उघड्या भुशावर फेविकॉलचा हात फिरवला, प्रायमर दिला. हे सगळे प्रेरणा रोज फोनवर सांगे. "मम्मीनं गुळगुळीत पांढरंपण घासून खरबरीत केलं, आजोबा! म्हणते, चकचकीतवर रंग धरत नाही." आबा विचारत, "मग प्रायमर किती वेळ वाळू दिला?" आणि ती सांगे ते ऐकून त्यांना दुरुस्त करण्यासारखे काही सापडत नसे.

दोन आठवड्यांनी, रविवारी ते पांढऱ्या ऑइलपेंटचा लहान डबा आणि आपला बारीक ब्रश घेऊन गेले. मोरपंखी रंग रूपाने आदल्या संध्याकाळीच दिला होता. टेबल पायांवर सरळ उभे होते. मागच्या कडेला हात लावला तर थोडा उंचवटा लागे, तेवढाच.

"चारी बाजूंनी एक पांढरी रेघ पाहिजे हिला," रूपा म्हणाली. "तुम्ही मारा, आबा."

"नको. माझा हात हलतो आता."

हे खोटे होते. कालच त्यांनी एका टेम्पोवर नाव टाकले होते. रूपाने त्यांच्या हाताकडे पाहिले. तिने ब्रश घेतला.

"मम्मी, चिकटपट्टी लावून घे ना. नाहीतर वाकडी जाईल."

रूपाने करंगळी फळीच्या कडेला टेकवली. ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठाला दोनदा पुसला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आबांनी तिला तसे पुसायला शिकवले होते तेव्हा ती पहिलीत होती. मग तिने श्वास रोखला आणि हात ओढत नेला. रेघ मागेमागे येत गेली. कोपऱ्यावर ती थांबली नाही, नुसती वळली. कचरूआबा डबा धरून तिच्यासोबत टेबलाभोवती सरकत होते. उंचवट्यावरून ब्रश गेला तेव्हा त्यांचाच श्वास अडकला. रेघ मात्र तिथेही तेवढ्याच जाडीची राहिली. चौथ्या बाजूने येऊन ती सुरुवातीच्या टोकाला मिळाली, तेव्हा जोड कुठे आहे ते त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते.

"मम्मी!" प्रेरणा ओरडली. "तुला येतं हे? कधी सांगितलं नाहीस!"

"कुणी विचारलं?"

"लहानपणी एवढं मोठं चक्र काढलं होतं हिनं," कचरूआबा एकदम म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "मुकुंदवाडीच्या चौकात. चोवीस आरे. लोक म्हणले, कचरूनं काढलं. मी नाय काढलं. हिनं काढलं होतं."

प्रेरणा तोंड उघडे ठेवून आईकडे पाहत राहिली. रूपा ब्रशचे टोक निरखत होती.

"तेव्हा चौकात सांगायचं होतं, आबा," ती हळूच म्हणाली. "आता हिला सांगून काय!"

आत कुकरची शिट्टी झाली. तिने ब्रश त्यांच्या हातात दिला आणि ती गॅस बंद करायला गेली.

जेवण झाले. रूपाने भाकरीला आग्रह केला, आईला द्यायला मेथीची जुडी बांधून दिली, गुडघ्याचे तेल संपले का विचारले. सगळे नेहमीसारखे झाले. निघताना आबांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, चिंधीने पुसला, बोटांनी त्याच्या केसांना टोक दिले. पिशवी उघडली, आणि मग तो पिशवीत न टाकता खिडकीतल्या पेल्यात उभा ठेवला.

तीन जिने उतरून ते फाटकाशी आले तोच वरून हाक आली.

"आजोबा! ब्रश राहिला!"

त्यांनी वर पाहिले. गॅलरीत प्रेरणा एकटीच होती, हातातला ब्रश हलवत.

"राहू दे तिथंच! मम्मीला ठेवलाय!"

ती आत गेली. कचरूआबा उन्हात, कपाळावर हात धरून थांबले. दोन मिनिटांनी ती पुन्हा कठड्याशी आली.

"मम्मी म्हणते, घेऊन जा. इथं नुसता वाळून जाईल."

आबांनी मेथीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आलो," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून पुन्हा जिना चढू लागले.