उजव्या खांद्याचा लेप

आमची देवी कडक. म्हणजे तसं मामंजी सांगायचे, आणि ते पुजारी असल्यामुळे त्यांना कुणी उलट विचारत नसे. तिचा चेहरा बघेल तो वर्षाच्या आत जातो, म्हणून तिला शेंदूरसुद्धा मान फिरवून लावायचा. मामंजींनी चाळीस वर्षं तसाच लावला, त्यांच्या वडिलांनी त्याआधी तीस. नाक कधीच बुजलं होतं. राहिला होता तो खांदे असलेला एक लाल गोळा.

घरात काहीही करायचं तर आधी कौल. दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आमच्याकडे डावंच पडायचं. मी लग्नाआधी डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेतलेलं, चष्म्याच्या दुकानात नोकरी चालून आलेली; चार वर्षांत चार कौल, चारही डावे. या खेपेला दुकानदाराने सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. मामंजी म्हणाले, देवीची इच्छा. देवीला माझ्या नोकरीत एवढा रस का, हे मला कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी बाहेरची फरशी पुसत होते, तर गाभाऱ्यात धाडकन आवाज झाला. सुनांना आत जायची बंदी, पण पाय ऐकेनात. शेंदराचं अख्खं कवच निखळून खाली पडलं होतं आणि आतून देवी बघत होती. जेवण आटोपून जरा टेकायला निघालेल्या मावशीसारखा चेहरा. शांत, किंचित हसरा. मला एकदम रडूच आलं.

मग कवचाकडे लक्ष गेलं. डाव्या खांद्यावर नुसता पापुद्रा, उजव्यावर चार बोटं जाड थर. मान फिरवून लावणाऱ्याचा हात सत्तर वर्षं एकाच बाजूला पडत होता. उजव्या खांद्याची चांगली फळी झाली होती. तिच्यावर फूल बसलं की बसलं. डावं बिचारं घसरणारच.

मामंजी डोळे मिटून दाराशी आले. मी चेहरा पाहिला का, एवढंच विचारलं. पाहिला म्हटल्यावर चुकचुकले. नवा लेप कुणीतरी लावायला हवा होता. माझ्या नवऱ्याची कंबर तेवढ्यात धरली, दिराला तातडीचं काम आठवलं. मी म्हटलं, मी लावते.

मामंजींचा जीव भांड्यात पडला. "लाव. तुझं काय, झालंच आहे आता."

इतक्या मायेने मला त्या घरात कुणी काही म्हटलं नव्हतं.

कवचाचे तुकडे मी दाराबाहेर आणून ठेवले, ते गोळा करायला सासूबाई आल्या. मी त्यांना दोन्ही खांदे दाखवले. बराच वेळ त्या जाड थरावरून बोट फिरवत राहिल्या. त्यांचे वडील आजारी होते तेव्हा माहेरी जाण्यासाठी त्यांनी तीनदा कौल लावला होता. तिन्ही वेळा डावं. वडील गेले ते त्यांना चिठ्ठीने कळलं.

"म्हणजे ती नाही म्हणालीच नव्हती," त्या म्हणाल्या.

मला कुणाची समजूत घालता येत नाही. मी शेंदूर कालवायला घेतला. चांगला उघड्या डोळ्यांनी, समोर बसून लावला. डाव्या खांद्यावर जरा सढळ हाताने थापला, हे कबूल करते.

सोमवारी मी आंघोळ करून, दुकानात जायची साडी नेसूनच कौलाला उभी राहिले. मामंजींनी मान फिरवून फुलं चिकटवली आणि जमिनीकडे बघत थांबले. उजवं टपकन पडलं. त्यांनी ते उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, देवी अशी कशी वागली म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडून उभी.

"पुढचं कोण?" शेवटी ते म्हणाले.

सासूबाई पुढे झाल्या. भावाकडे महिनाभर राहून येऊ का, एवढंच विचारायचं होतं. त्यांच्या हातात भरलेली पिशवी होती आणि पायांत चपला चढवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.