परक्या विहिरीवरचा तांब्या

मित्रांनो, वयाने मी तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा असेन. मी पितळेचा तांब्या आहे. माझ्या तोंडाला आटे पाडलेले आहेत. झाकण फिरवून बसवलं की मला उलटं धरलं तरी थेंब सांडत नाही. वर धरायला कडी आहे. लोक मला फिरकीचा तांब्या म्हणतात. आता माझ्यासारखे दुकानात फारसे दिसत नाहीत, म्हणून एवढी ओळख सांगितली.

मला घडवलं कुणी ते आठवत नाही. आठवतं ते उदगीरच्या बाजारातलं कासाराचं दुकान. तिथे मी खुंटीला टांगलेला होतो. संतपूरचे गुंडेराव नुकतेच बसचे कंडक्टर झाले होते. पहिला पगार हातात पडला तसे ते थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले. नवं लुगडं येणार म्हणून घरी वाट बघत बसलेल्या सुमनबाईंनी पिशवीतून मला बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "पितळंचीच हौस होती तर लगीन तरी कामून केलं?"

गुंडेराव हसले नाहीत. त्यांच्या बसच्या वाटेवर चहाची एक टपरी होती. तिथे इतरांना काचेचे ग्लास आणि गुंडेरावांच्या माणसांना वळचणीला खोचलेली वेगळी कपबशी. पाणी मागितलं तर ओंजळीत वरून ओतायचे. अंगावर खाकी कपडे चढले तरी ओंजळ सुटली नव्हती.

"आता कुनाला पानी मागायचं न्हाई," गुंडेराव एवढंच म्हणाले. सुमनबाईंनी मग लुगड्याचं नाव काढलं नाही. चिंच लावून मला लख्ख घासलं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवलं.

तीस वर्षं मी बसमधून हिंडलो. उन्हाळ्यात ओलं फडकं गुंडाळून, पावसाळ्यात तिकिटांच्या पेटीशेजारी. मान ताठ ठेवायला लागतं तेवढं पाणी माझ्यात नेहमी असायचं. मला त्याचा फार अभिमान होता.

पुढे गुंडेराव रिटायर झाले. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. मी माळ्यावर गेलो. माझ्या पोटात दोऱ्याची रिळं आणि तुटलेली बटणं साठली. अंगावर हिरवट डाग पडले. त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. मुलगा विलास शाळेत शिक्षक झाला, सून राजश्री आली, नात प्रेरणा झाली. ज्या घरात पाणी मागायची वेळ येत नाही, त्या घरात माझं काम तरी काय?

मग मागच्या मे महिन्यात विलासने समुद्राकाठी जायचं ठरवलं. कारवारच्या पुढे, जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथलं छोटं कौलारू घर त्याने फोनवरून तीन दिवसांसाठी भाड्याने घेतलं. घरमालकिणीने सगळ्यांची आधार कार्डं मागितली. गुंडेरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आता आडनाव बघून घर द्यायलेत का काय?"

"आप्पा, सगळ्यांनाच मागतेत."

"आदी बी सगळ्यांनाच इचारायचे."

विलासने कार्डं पाठवून दिली. त्या दुपारी सुमनबाईंनी स्टुलावर चढून मला खाली काढलं, रिळं ओतली, चिंचेने घासलं आणि कुणाला न सांगता लुगड्याच्या घडीत ठेवलं.

घाटातल्या वळणांनी प्रेरणा अगदी कोमेजून गेली. पाच वर्षांचं लेकरू, चार वेळा ओकलं. दुपारी दोनला आम्ही पोचलो तेव्हा बाटल्यांत पाणी उरलं नव्हतं, आणि त्या घरात करंट नव्हता. मोटार चालेना, नळ कोरडा. विलास आणि गुंडेराव गाडी घेऊन पाण्याचा जार शोधायला गेले. राजश्री लेकराचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"आत्या, परसात हीर हाय की. वाईच पानी आना," ती सासूबाईंना म्हणाली. "हिचे ओठ वाळायलेत."

सुमनबाई मला घेऊन निघाल्या. विहीर चिऱ्यांनी बांधलेली होती. वर कप्पी, कप्पीवर दोर, दोराला पोहरा. आणि मित्रांनो, दहा पावलं अलीकडे सुमनबाई थांबल्या. मला खाली दगडावर ठेवलं आणि हात बांधून उभ्या राहिल्या.

मला काही कळेना. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. लहानपणी त्यांच्या माहेरी विहिरीच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती. कळशी खाली ठेवायची, लांब उभं राहायचं, कुणाला दया आली की तो वरून ओतणार. लग्नानंतर संतपूरला वस्तीत हापसा होता, मग नळ आला. साठी उलटली तरी त्या हातांनी विहिरीचा दोर कधी धरलाच नव्हता. परकी विहीर समोर आली आणि पाय आपोआप जुन्या जागी उभे राहिले.

"आत्या, घावलं का पानी?" आतून हाक आली.

"आनायलेय, आनायलेय."

पण पाऊल उचलेना. तेवढ्यात शेजारच्या घरातून मालकीण आली, डोक्यावर मासळीची रिकामी पाटी. ती जवळ येताच सुमनबाई पदर आवरून दोन पावलं मागे सरल्या.

मालकीण जागच्या जागी थबकली. तिने सुमनबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नुकताच घासलेला मी उन्हात नको इतका चमकत होतो.

"सरा, सरा," ती कन्नडमध्ये म्हणाली. आमचं संतपूर औराद तालुक्यात, सीमेवर; तिकडच्या माणसांना कन्नड कळतं. "माझी सावलीसुद्धा पडायला नको. मागच्या महिन्यात आले होते, त्यांच्याकडेही असंच चकचकीत भांडं होतं. आमचं घर चाललं, आमची गादी चालली. पाणी तेवढं चाललं नाही. आम्ही मासे धरणारी माणसं ना! दुकान चारला उघडतं. बाटली आणा तिथून."

ती वळली. आतून प्रेरणाचं रडणं ऐकू आलं, बारीक, दम नसलेलं.

असलं काही आपल्याला कुणी म्हणेल, हे सुमनबाईंना सात जन्मांत वाटलं नसतं. मालकीण उंबऱ्याशी पोचली तेव्हा कुठे त्यांनी कन्नडमध्येच हाक मारली.

"अक्का! अवो अक्का, तुमचा इटाळ म्हनून न्हाई सरले मी. माझा तुमाला नको म्हनून सरले!"

मालकिणीने पाटी खाली ठेवली. ती परत सुमनबाईंजवळ आली.

"आणि पाणी? ते का नाही ओढलंत?"

"हिरीला कवा हात लावला न्हाई, माय. कुनी लावू दिला न्हाई."

"मग काय, विहिरीनेच चालत यायचं होतं का तुमच्याकडे?" मालकीण खेकसली. तिने सुमनबाईंचं मनगट धरलं, कठड्यापाशी नेलं आणि दोर त्यांच्या हातात दिला. "घ्या. सोडा खाली."

पहिल्या खेपेला पोहरा दगडावर आपटत गेला आणि जवळजवळ रिकामाच वर आला.

"झटका द्या, झटका! बुडू द्या की त्याला."

दुसऱ्या खेपेला दोर जड झाला. पण मालकिणीने मदतीला हात लावला नाही. सुमनबाईंनाच ओढू दिलं. पोहरा काठावर आला तेव्हा राजश्री लेकराला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मी भरलो. प्रेरणा घटाघटा प्यायली आणि तोंड पुसत म्हणाली, "गोड हाय की! समिंदर तर इतका जवळ हाय."

मग सुमनबाईंनी मला मालकिणीपुढे धरलं. तिने वरून ओतून घेतलं नाही. तोंड लावून प्यायली आणि तसंच मला परत दिलं. सुमनबाईही तशाच प्यायल्या.

मित्रांनो, तिघींच्या हातांतून फिरताना मी खूप ओशाळलो. एका माणसाची मान ताठ राहावी म्हणून मला घरात आणलं होतं, आणि त्या दुपारी माझ्याकडे बघून दुसऱ्या एका माणसाची मान खाली गेली होती. मी तर नुसता चमकत होतो. पण पितळेला बोलता येत नाही. बोलावं लागतं ते माणसांनाच.

राजश्रीने डोळे टिपले. "आत्या, इतकी वर्सं झाली, तुमी कवा सांगितलंच न्हाई."

"सांगन्यासारकं काय होतं त्याच्यात?" सुमनबाई म्हणाल्या आणि लेकरासाठी पुन्हा पोहरा सोडायला वळल्या.

म्हणून माझी एक विनंती ऐका. तुमच्याही माळ्यावर असं एखादं काळवंडलेलं भांडं पडलं असेल. ते खाली काढा, चिंच लावून घासा. आणि ते घरात कामून आणलं होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसून विचारा. ती आपणहून सांगणार नाहीत. एकदा विचारल्यावर ती गप्प बसली, तर थोडं थांबा आणि पुन्हा विचारा.