लॉबीतलं आठवं नाव

नीरजाने माणसं पुन्हा एकदा मोजली. बाकावर भव्या, तिच्या शेजारी ते नवराबायको, कठड्याला टेकलेले तीन कॉलेजवाले आणि ती स्वतः. सात. मग तिने फोनकडे पाहिलं. लढाईआधी खेळाडू जमतात त्या गेमच्या लॉबीत नावं आठ होती.

आठवं नाव होतं निपाणीकर.

"आलं?" भव्याने मान वर न करता विचारलं.

"आलं."

भव्याने ओढणी खांद्यावर सारखी केली आणि जरा सरकून नीरजाला बाकावर जागा करून दिली. नीरजा बसली नाही.

निपाणीकर हे योगीराजचं गेममधलं नाव. योगीराज म्हणजे नीरजाचा नवरा. दिवाळीनंतर बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर एका टेम्पोने त्याच्या मोटारसायकलला उडवलं आणि सकाळी डबा विसरून गेलेला माणूस तो डबा मागायलाही परत आला नाही. पोलिसांकडून त्याच्या वस्तूंची पिशवी आणायला सासरे गेले होते. "फोन फुटला व्हता, टाकून दिला," एवढंच ते म्हणाले. तिनेही पुढे विचारलं नाही. त्या दिवसांत फोनचं कुणाला पडलं होतं?

होळीच्या सुमारास ते नाव पहिल्यांदा लॉबीत उगवलं, तेव्हा तिच्या हातून फोन खाली पडला होता. त्यानंतर बहुतेक रविवारी ते यायचं. लढाई संपली की नाहीसं व्हायचं. नीरजा घरी जाऊन दिवा चालू ठेवून झोपायची आणि झोप लागायची नाही. गेमचा नियम असा की बॉस, म्हणजे सगळ्यांनी मिळून पाडायचा मोठा प्राणी, जिथे उतरतो त्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर स्वतः उभं राहावं लागतं. घरी सोफ्यावर पाय पसरून चालत नाही. म्हणजे निपाणीकर जो कोण होता, तो बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठच्या या एवढ्याशा बागेतच कुठेतरी होता. झाडं, कठडा, पंपघर, त्यापलीकडे फेसाळलेलं काळं पाणी. लपायला जागा तरी कुठे होती?

"अक्का, तुला सांगितलंय ना," भव्या म्हणाली, "कुणीतरी पासवर्ड चोरलाय. भुताबिताचं काही नाही. आजची लढाई झाली की मी ते नाव ग्रुपमधून काढते. मग त्याला आपल्या लॉबीत येताच येणार नाही. काढू ना?"

"काढ."

भव्याच्या घराण्याचं चिकपेठेत कापडाचं दुकान. चार पिढ्या बेंगळुरूत काढल्यामुळे तिचं बोलणं मराठी, कन्नड आणि हिंदीची भेळ असायचं, आणि लढाईच्या आधी तर ती सेनापतीच व्हायची. आताही ती बाकावरून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागली.

"आजचा बॉस मेघनाग. पहिल्या फळीत दगडवाले लढवय्ये उतरवा. पाणीवाले कुणी आणू नका, नाग पाणी पिऊन उलट वाढतो. त्याचं कवच फुटेपर्यंत मोठा वार कुणी वापरायचा नाही. स्वल्प थांबायचं, नुसतं टोचत राहायचं. आपला पडला तर रडत बसू नका, लगेच दुसरा उतरवा. सरी?"

"सरी," कॉलेजवाले एका सुरात म्हणाले.

मेघनाग उतरला. फोनच्या पडद्यावर तळ्याच्या पाण्यातून त्याचा निळा फणा वर आला आणि सातही माणसं एकदम मुकी झाली. नुसते अंगठे चालू. मागे रिंग रोडवरच्या गाड्यांचे भोंगे, आणि इथे आठ नावं मिळून एका नागाला झोडपत होती.

नीरजाचं अर्धं लक्ष निपाणीकरवर होतं. नेहमीसारखाच तो नुसता टोचत होता. नवशिक्यासारखा, एकाच जागी उभा राहून, अंगावर येणारा प्रत्येक फटका खात. हीच एक गोष्ट तिला आजवर धीर देत आली होती. योगीराज असा खेळायचा नाही. कवच फुटलं रे फुटलं की पुढच्याच क्षणी त्याचा मोठा वार पडायचा. इतका नेमका, की भव्या त्याला 'घड्याळ' म्हणायची.

आज मात्र डाव बिघडला. कवच फुटायला फार वेळ लागला. दोघांचे सगळे लढवय्ये पडले, वेळ संपत आली आणि नागाची ताकद अजून शिल्लक होती.

"गेलं," भव्या पुटपुटली.

तेवढ्यात कवच फुटलं आणि पुढच्याच क्षणी मोठा वार पडला. पडदा पांढरा झाला. नाग कोसळला. वाराखाली नाव आलं, निपाणीकर.

कॉलेजवाले ओरडले, एकाने तर उडी मारली. भव्या ओरडली नाही. ती नीरजाकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

नाग हरला म्हणजे काम संपत नाही. त्याला पकडायला थोडी जाळी मिळतात, ती नेम धरून टाकायची असतात. सगळ्यांच्या माना पुन्हा खाली गेल्या. नीरजाही आजवर हेच करत आली होती. जाळी टाकण्यात गुंतायची आणि मान वर करेपर्यंत ते नाव गेलेलं असायचं. आज तिने फोन तसाच मुठीत धरला आणि चालायला लागली.

झाडांखाली कुणी नव्हतं. कठड्यापाशी एक बाई मुलीला शेंगदाणे भरवत होती. नीरजा पंपघराला वळसा घालून मागे गेली. तिकडे पाण्याचा वास जास्त येत होता. तिने भिंतीला हात टेकला आणि पुढे डोकावली.

भिंतीच्या आडोशाला, एका उलट्या पडलेल्या सिमेंटच्या कुंडीवर, तिचे सासरे बसले होते.

कल्लाप्पा देवळात जातो सांगून घरातून निघाले होते. बंडीचा वरचा खिसा ओढल्यासारखा लोंबत होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हातात योगीराजचा फोन होता. काचेला आडवा तडा गेलेला, त्यावर पारदर्शक टेप चिकटवलेली. पडद्यावर नाग डोलत होता.

ती मागे उभी आहे हे त्यांना कळलं नाही. ते बघत होते. नागाने फणा उभारला, ते थांबले. नागाने तडाखा दिला, तरी थांबले. फणा खाली यायला लागला, नेमाचं वर्तुळ अगदी लहान झालं. बरोबर तोच क्षण, योगीराजने तिला शंभरदा शिकवलेला. आणि त्या क्षणी त्यांनी जाळं उचलून सरळ डावीकडे पाण्यात भिरकावलं.

पुन्हा एकदा. पुन्हा तसंच थांबणं, तसाच नेमका क्षण, आणि जाळं पाण्यात.

"बाबा."

ते दचकले. फोन झाकायला हात पुढे आला आणि मध्येच थांबला.

"कवा आलीस ग? अशी गप का उभारलीस?"

"तुम्ही म्हणाला होतात फोन टाकून दिला."

"व्हय." त्यांनी टेपची एक कड अंगठ्याने दाबली. "महादेवपुऱ्यात एकाकडनं चालू करून घेतला. घरात बघितला असतास तर तू जेवली नसतीस. त्या दिवसांत तुझं काय चाललं व्हतं ते मला ठाऊक हाय की."

नीरजाला राग आला. इतके महिने ती दिवा लावून झोपत होती आणि पलीकडच्या खोलीत हे घोरत होते. पण खरं सांगायचं तर राग लपवाछपवीचा नव्हताच. पंपघराच्या मागे योगीराज निघाला नाही, याचा राग होता. इतकी शहाणीसुरती, ऑफिसात पंधरा माणसांना हाताखाली वागवणारी बाई, आणि भिंतीला वळसा घालताना तिने मनात काय धरलं होतं ते तिलाच आत्ता कळलं. तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"आणि हे काय करताय?" ती म्हणाली. "तुम्हाला टाकता येतं. मी बघितलं. मुद्दाम चुकवताय."

"त्योबी मुद्दामच चुकवायचा."

"कोण?"

"योगी. गुडघ्याचं आपरेशन झालं तवा डाक्टर म्हणाला रोज चाला. मी कशाला चालतोय? मग ह्यो मला हितं घेऊन यायचा. तुम्ही तिकडं बाकावर, आम्ही दोघं हितं. लढाईत मधनं मधनं फोन माझ्या हातात द्यायचा. बाबा, तुम्ही फकस्त टोचत ऱ्हावा, म्हणायचा. कवच फुटायच्या टायमाला फोन परत घ्यायचा आणि शेवटाला जाळं पाण्यात टाकायचा. म्हणायचा, सुटला की हो बाबा. परत यायला पाहिजे."

लढाईच्या वेळी बापलेक चालायला जातात, एवढंच तेव्हा नीरजाला ठाऊक होतं. आता तिला आठवलं. लढाई झाली की ग्रुपमध्ये प्रत्येकाचा निकाल यायचा. कुणापुढे 'पकडला', कुणापुढे 'सुटला'. निपाणीकरपुढे दर वेळी 'सुटला'. सगळ्या ग्रुपने त्याची टर उडवली होती. घड्याळाचे काटे जाळ्यात अडकतात, असं ती स्वतःच सगळ्यांदेखत म्हणाली होती. तो नुसता हसला होता.

"एवढं एकच काम ऱ्हायलंय बघ त्याचं," कल्लाप्पा म्हणाले. "ते पण झालं तर मी हितं कशाला यायचं?"

मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन तिच्यासमोर धरला.

"एक जाळं उरलंय. तुला ह्याचा तरास हुतोय तर धर. पकड आणि करून टाक बंद. मी न्हाई काही म्हणणार."

तिने फोन घेतला. तो गरम होता. टेपच्या कडा सुटायला आल्या होत्या. नाग तिच्याकडे बघत डोलत होता. एका नेमात हे सगळं संपलं असतं. नावही गेलं असतं, रविवारही, दिवा लावून काढलेल्या रात्रीही. तिचा नेम सहसा चुकत नसे.

नागाने फणा उभारला. ती थांबली. तडाखा दिला. थांबली. फणा खाली यायला लागला.

जाळं डावीकडे गेलं आणि पाण्यात बुडालं. नागाने एक गिरकी घेतली आणि तोही गेला.

"सुटला," कल्लाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चोरटा होता, पण चेहऱ्यावरचं हसू काही लपलं नाही.

बाकाकडून भव्याची हाक आली. "अक्का! कुठे आहेस? तुझ्यापुढे पण 'सुटला' आलंय. बरी आहेस ना? काढू ना ते नाव?"

नीरजाने आपला फोन पाहिला. एकही जाळं न टाकता वेळ संपून गेली होती.

"राहू दे," ती ओरडून म्हणाली. "सांगते नंतर."

तिने सासऱ्यांना हात दिला. ते कुंडीवरून उठले, गुडघा चोळला आणि दोघं फाटकाच्या दिशेने निघाली. तिला बरंच हलकं वाटत होतं. पहिल्यांदाच त्या नावाला घाबरायचं काही उरलं नव्हतं.

"पण शेवटी तुम्ही वाचवलंत हां सगळ्यांना," ती म्हणाली. "तो मोठा वार. अगदी त्याच्यासारखा मारलात."

"कसला वार?"

"कवच फुटल्यावर. ज्याने नाग पडला तो."

कल्लाप्पा चालता चालता थांबले.

"मी कुठला वार मारतोय? मी नुसता टोचत व्हतो. मोठ्याचं बटण कुठलं ते मला अजून ठाऊक न्हाई. त्यानं दाखवलंच न्हाई कधी."

ते चेष्टा करत नव्हते. चुकून अंगठा लागला असेल, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि म्हटलं नाही. मागे पंपघराच्या भिंतीशी ती कुंडी तशीच उलटी पडली होती. तिच्या शेजारी, मघाशी नीरजाला दिसलीच नव्हती अशी, बसण्यासाठी उलटी ठेवलेली आणखी एक कुंडी होती.

तिने फोन सासऱ्यांच्या वरच्या खिशात ठेवला आणि खिसा हाताने सारखा केला.

"बाबा," ती म्हणाली, "रविवारी परत यायला पाहिजे."