रोगाचा रकाना

दारूबंदी आली तशी डॉक्टरांच्या टेबलावर एक नवी वही आली. दारू आता फक्त औषध म्हणून मिळणार, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीवर. शंभर चिठ्ठ्या, प्रत्येकीवर नंबर. रोगाचं नाव रकान्यात स्वच्छ लिहायचं, खाडाखोड करायची नाही, आणि व्यसनी माणसाला थेंबही द्यायचा नाही. बाकीच्या डॉक्टरांनी वह्या महिन्याभरात फस्त केल्या. एकाएकी निम्म्या शहराला म्हणे अशक्तपणा आला! हे डॉक्टर मात्र नाकासमोर चालणारे. त्यांच्या वहीतल्या चारच चिठ्ठ्या फाटल्या होत्या, आणि त्याचा त्यांना, खरं सांगायचं तर, जरा जास्तच अभिमान होता.

मंगळवारी सकाळी सुताराची बायको धापा टाकत दवाखान्यात आली.

"डॉक्टर, लवकर चला. ह्यांचं काही खरं नाही."

सुतार वीस वर्षं रोज पिणारा. जपून ठेवलेली शेवटची बाटली रविवारी संपली होती. डॉक्टर पोहोचले तेव्हा तो पलंगावर बसून चादरीवरचे नसलेले किडे वेचत होता. अंग घामानं निथळत होतं, हातात पेला ठरत नव्हता. तरी डॉक्टरांना पाहून हसला.

"मी केलेल्या तुमच्या कपाटाचं दार कुरकुरत नाही ना?"

"नाही रे बाबा. तू पड आधी."

गुंगीच्या पुडीनं काही होईना. दारू एकदम तुटल्यानं हे झालंय, थोडीथोडी देत कमी केली तर माणूस वाचेल, नाहीतर झटके येतील, हे डॉक्टरांना स्वच्छ दिसत होतं. बायकोलाही बहुतेक कळलं असावं.

"अशक्तपणा लिहा ना," ती हळूच म्हणाली. "सगळेच लिहितात."

"बघतो, वहिनी. तुम्ही इथंच थांबा, बाटली मीच घेऊन येतो."

औषधाच्या दुकानात काउंटरवर वही उघडून डॉक्टरांनी लिहिलं, 'दारू अचानक सुटल्यामुळे कंप. जिवाला धोका.' हा उपचार आहे, चैन नाही. वाचणाऱ्याला कळायलाच हवं, असं त्यांना वाटलं. कसलं काय!

दुकानदारानं चिठ्ठी दोनदा वाचली. "साहेब, हा दारुडा आहे असं तुम्हीच लिहून दिलंत. मी बाटली दिली तर माझं दुकान जाईल की." आणि त्यानं नामंजूरचा शिक्का मारला.

नामंजूर चिठ्ठी दारूबंदीच्या कचेरीत जमा केल्याशिवाय त्याच रोग्याला दुसरी देता येत नाही, हा नियम डॉक्टरांना तोंडपाठ होता. तो मोडायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. कचेरीत कारकून जेवायला गेलेला. मग साहेब जागेवर नाहीत. मग खुलाशाचा अर्ज, त्याची नक्कल, त्यावर सही. डॉक्टर बाकावर बसून घड्याळ बघत राहिले आणि आतून नुसते जळत राहिले. बाहेर पडले तेव्हा चार वाजले होते. दुसऱ्या चिठ्ठीवर त्यांनी एका दमात 'अशक्तपणा' लिहिलं. दुकानदारानं मान वर न करता बाटली दिली.

डॉक्टर जिना चढून वर आले. सुताराचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं. दुपारी दोन झटके आले, तिसऱ्यातून तो उठला नाही.

तिनं बाटलीकडे पाहिलं. "आणलीत? दिवसभर वणवण केलीत आमच्यासाठी. त्या मेल्या दुकानदारानंच अडवलं असणार. वाटोळं होईल त्याचं!"

डॉक्टर गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलंही नसतं.

"त्याचं काही चुकलं नाही, वहिनी," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या चिठ्ठीवर मी खरं लिहिलं होतं."

ती रागावली नाही, ओरडली नाही. तिला खरोखरच समजत नव्हतं.

"कशाला?" तिनं विचारलं.