टाकीला गळती नव्हती

मी बंब बोलतोय. न्हाणीघरातला नव्हे, आग विझवायचा. लाल रंगाचा, पितळी घंटेचा. चौऱ्याऐंशी साली अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या एका केंद्रात मला आणलं, तेव्हा नारळ फुटले, भाषणं झाली. केंद्राचे साहेब म्हणाले, "आता जनतेने निर्धास्त झोपावं." जनता झोपली की नाही ठाऊक नाही, साहेब मात्र झोपले.

माणसांबद्दल माझ्या तोंडून बरं काही निघणार नाही, आधीच सांगतो. आनंदनगरला रसायनाची पिंपं पेटली, तेव्हा निम्मा गाव तमाशा बघायला माझ्याच वाटेत उभा! किसन ड्रायव्हर ओरडतोय, "साइड दे ना यार!" आणि लोक त्यालाच विचारतायत, "भाऊ, कुठे लागलीय? आम्ही पण चाललोय." शी!

त्यातल्या त्यात बरा म्हणजे फायरमन हरिचंद्र. ड्यूटीवर आला की चहाच्या आधी माझ्या टाकीवर बोटांनी टकटक करायचा. भरलेली टाकी भद्द वाजते, रिकामी टणटण. भद्द ऐकलं की म्हणायचा, "हां, आता चहा." मला वाटायचं, एक तरी माणूस आहे.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात एका नगरसेवकाच्या मुलीची हळद होती. पाण्याची बोंब, टँकर मिळेना. साहेबांचा हुकूम सुटला, बंब पाठवा. आगीसाठी राखलेलं पाणी वऱ्हाडाचे पाय धुवायला!

हरिचंद्र पुटपुटला, "साहेब, कॉल आला तर?"

"शुभ बोल नाऱ्या!" साहेब म्हणाले, आणि सगळे खदाखदा हसले.

मांडवात माझी टाकी उपसली. मग यजमान म्हणाले, पंगतीला बसा. बसले हरिचंद्र आणि किसन दोघेही. बुंदी ओरपून परत येतात, तो केंद्राच्या नळाचं पाणी गेलेलं. शेजारच्या केंद्राला कळवायचं, तर साहेबांचं नाव निघणार. हरिचंद्राने कळवलं नाही. टकटकही केली नाही.

मांडवाला नाही लागली आग. त्याच दिवशी चामटोली गावात लागली. गयाबाई नावाच्या विधवेच्या दारातली पेंढ्याची उडवी पेटली होती आणि जाळ गोठ्याकडे सरकत होता. गोठ्यात तिची गाभण म्हैस, दाव्याला बांधलेली. त्या म्हशीवरच तिची चूल पेटायची.

आम्ही निघालो. रिकामे! वर घंटा वाजवत! पोचलो तेव्हा विहिरीपासून गोठ्यापर्यंत बायाबापड्यांची रांग लागली होती, हातोहात हंडे चालले होते. जाळ मागे हटतही होता. मला पाहताच कुणीतरी ओरडलं, "बंब आला रं, बाजूला व्हा!" लोकांनी हंडे खाली ठेवले आणि टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला वाट मिळाली, तीही अशी.

तेव्हाच हरिचंद्राने ओरडायला हवं होतं, "थांबू नका, टाकी रिकामी आहे!" पण लाज आडवी आली. त्याने साग्रसंगीत होज पसरला, तोटी धरली, किसनला म्हणाला, "सोड." तोटीतून फुस्स वारा आला.

मग तोच धावला हंडा घेऊन. पण गोठ्याचं छप्पर कोसळलं होतं. म्हशीचं ओरडणं थांबलं, तेव्हा त्याच्या भुवया जळलेल्या होत्या आणि हंडा हातातच होता.

गयाबाई माझ्याजवळ आली. टाकीवर हात आपटला. टणटण.

"पानी कंय हाय रं तुजं?" तिने विचारलं. मला नव्हे, हरिचंद्राला.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं, टाकीला गळती होती. म्हणजे दोष माझा! हळद नाही, पंगत नाही, बुंदी नाही, गळती! खाली हरिचंद्राची सही. त्यानंतर सात वर्षं तो ड्यूटीवर होता. माझ्यावर बोट म्हणून आपटलं नाही त्याने.

आता मी केंद्रामागे भंगारात उभा आहे. घंटा साहेबांच्या दिवाणखान्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी हरिचंद्र हार गळ्यात घालून मागे आला. हात उचलला, टाकीपर्यंत नेला आणि खाली घेतला. आवाज काय येईल हे त्याला ठाऊक होतं.

तुमच्याबद्दल मला माया नाही, पण गयाबाईसाठी एवढं सांगतो. बंब आला की टाळ्या खुशाल वाजवा. फक्त पाणी डोळ्यांनी दिसेपर्यंत हातातला हंडा खाली ठेवू नका.