नवमीचा रंग

खंडेनवमीला कारखान्याच्या अग्निशमन केंद्रात पूजा असते. बंब धुऊन त्याला हार घालतात आणि धुरात शिरताना जवान पाठीवर बांधतात त्या हवेच्या टाक्यांना पिवळाधमक रंग देतात. ओझर रस्त्यावरच्या या केंद्रात ही रीत फार जुनी. नव्या टाक्या कायमच्या जवानांना आणि जुन्या कंत्राटी पोरांना, ही रीतही तितकीच जुनी.

निकिता लेकीला कडेवर घेऊन आली होती. नवऱ्याच्या, हर्षलच्या, टाकीला कुंकू लावताना तिचं बोट अडखळलं. रंगाखाली फोड आल्यासारखं काहीतरी होतं. केसांतली पिन काढून तिने खरवडलं. पोपडा निघाला; खाली गंज, आणि धातूवर ठोकलेली चाचणीची तारीख. मुदत केव्हाच टळलेली.

"गेणूभाऊ, ही टाकी तपासलेलीच नाही. हवा भरताना फुटली तर?"

केंद्रप्रमुख गेणूभाऊ हसले. "वहिनी, बीएस्सी झाल्या म्हणून काय पूजेचा रंग खरवडायचा?"

सगळे हसले. हर्षलचे कान लाल झाले.

"हसू नका. ह्यांना ही देऊ नका."

"बरं बाई! फैजान, तुझी हर्षलला दे, ही तू घे. सगळ्यात नवा तू, जुनी टाकी तुलाच!"

"अहो, कोणालाच नका देऊ!"

"मग आग काय फुंकर मारून विझवू? वरच्या साहेबांकडे नव्या टाक्या मागून मागून माझं तोंड दुखलं." आता ते हसत नव्हते.

फैजानने टाकी खांद्यावर घेतली. "भाभी, माझा पेढा ठेवा हां. हिच्यात हवा भरून आलोच."

निकिता त्याच्यामागे निघाली, तसा हर्षलने तिचा दंड धरला. "माझी बदलली ना? पुरे आता. उद्यापासून घरी बसवतील मला." ती थांबली. आणि खरं सांगायचं तर, छातीवरचं ओझं तिला क्षणभर हलकं वाटलं.

मागच्या खोलीत कॉम्प्रेसर घरघरू लागला. लेक त्या आवाजाकडे बोट दाखवत होती, तेवढ्यात त्या खोलीची भिंत बाहेर कोसळली.

पेपरात 'दुर्दैवी अपघातात जवान ठार' असं छापून आलं. दैवाने कुठे रंग दिला होता?

निकिता भेटायला गेली तेव्हा फैजानची बायको अफरीन भिंतीला टेकून बसली होती. तिने निकिताचा हात घट्ट धरला.

"तू होतीस ना तिथे? ह्यांची टाकी तर चांगली होती गं. मला स्वतः दाखवली होती. मग फुटली कशी?"

दारात उभ्या हर्षलने मान हलवली. नको.

"फुटली ती हर्षलची होती," निकिता म्हणाली. "ती खराब आहे, मला कळलं होतं. मी सांगितलं, म्हणून गेणूभाऊंनी बदलली."

अफरीनने तिचा हात सोडला.

"तुझ्या नवऱ्याला नको होती," ती हळूच म्हणाली, "आणि माझ्या नवऱ्याला चालली?"